डिडक्टिबल किती घ्यावा? कोल्हापुरातल्या घरासाठी आरोग्य विम्याचे प्लॅन ताडून पाहण्याची रीत

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बिलिंगच्या खिडकीशी मामा आणि मी उभे होतो. मामांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मामींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, कॅशलेसची मंजुरीही आली होती. तरी खिडकीतून आलेल्या कागदाच्या शेवटच्या ओळीत ५०,००० रुपये पेशंटने भरायचे, असं छापलेलं होतं. मामांनी कागद माझ्यापुढे धरला. "हे कशाचं रे? कॅशलेस आहे म्हणालास नव्हं?"

त्या आकड्याच्या अलीकडे एकच शब्द होता, डिडक्टिबल. दोन वर्षांपूर्वी एजंटाने "तीच पॉलिसी, हप्ता मात्र कमी" असं सांगून हा पर्याय दिला होता आणि प्रपोजल फॉर्मवर मामांची सही होती. कंपनीने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. मामांना कुणी आकडा समजावून सांगितला नव्हता, एवढंच. लोखंडवाल्याला द्यायला बाजूला काढलेले पैसे त्या रात्री खिडकीत गेले.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांच्या पॉलिसी मी त्यांच्या शेजारी बसून वाचल्या. त्यातून जी रीत बसली ती इथे देतो. एक संध्याकाळ, एक वही आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी शब्द पक्के करा

डिडक्टिबल म्हणजे आधी आपण भरायची ठरलेली रक्कम. तेवढा खर्च आपला, त्यावरचा कंपनीचा. पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. वार्षिक डिडक्टिबल पूर्ण वर्षात मिळून एकदाच लागतो. दर क्लेमला लागणारा डिडक्टिबल प्रत्येक ॲडमिशनला नव्याने लागतो. समजा एकाच वर्षात मुलाला डेंग्यू झाला, बिल ४२,०००. पुढे बायकोच्या पायाला रॉड घालावा लागला, बिल १,८०,०००. डिडक्टिबल ५०,००० वार्षिक असेल तर दोन्ही मिळून तुमच्या खिशातून ५०,००० जातील. तोच दर क्लेमचा असेल तर डेंग्यूचे ४२,००० आणि पायाचे ५०,०००, म्हणजे ९२,०००. माहितीपत्रकावर दोन्हीकडे "डिडक्टिबल ५०,०००" एवढंच दिसू शकतं.

को-पे वेगळा. त्यात टक्केवारी असते. २० टक्के को-पे म्हणजे मंजूर रकमेच्या दर शंभर रुपयांत वीस तुमचे, बिल कितीही वाढलं तरी. डिडक्टिबलला वर छत असतं, को-पेला नसतं. म्हणून मला मोठ्या आजाराच्या दृष्टीने को-पे जास्त धोक्याचा वाटतो, आणि लोक नेमके उलट घाबरतात.

रूम रेंटची मर्यादा हा तिसरा मार्ग, ज्यातून पैसे आपल्या अंगावर येतात. पॉलिसीत दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर फक्त वरच्या ३,००० चा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही पाच-अष्टमांशच मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कात्रीतून वगळलेल्या आहेत, आणि जिथे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलतच नाही तिथे ही कपात करता येत नाही. बिलात कपात आली तर या दोन गोष्टी आधी तपासा.

पावसाळ्यातली रोकड मोजा

लोक हप्त्यातल्या सवलतीपासून सुरुवात करतात. मी उलटीकडून सुरू करायला सांगतो. चोवीस तासांत, कर्ज न काढता, सोनं न मोडता तुमचं घर किती रक्कम उभी करू शकतं? तो आकडा वहीत पहिल्या ओळीत लिहा. तुमचा डिडक्टिबल त्याच्या वर जाता कामा नये.

हा आकडा कुठल्या महिन्यातला, हेही आपल्याकडे महत्त्वाचं आहे. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले या भागात ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांच्याकडे हंगामात बिलं जमा झाली की हात मोकळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच हात आखडलेला असतो. खतं टाकून झालेली, शाळेच्या फीया भरलेल्या, पुराची धाकधूक. आणि डेंग्यू, लेप्टो, ताप याच दिवसांत येतात. फेब्रुवारीत पॉलिसी घेताना "पन्नास हजार काय, भरू की" असं वाटतं. आकडा ऑगस्टमधला धरा. पगारदारांनी महिन्याच्या पंचवीस तारखेचा धरावा. गुजरीत किंवा लक्ष्मीपुरीत दुकान असेल तर दसरा-दिवाळीआधी माल भरून झाल्यावर गल्ल्यात जे उरतं तो धरा.

मामांचा आकडा आम्ही नंतर काढला तेव्हा १५,००० आला. त्यांच्या गळ्यात ५०,००० चा डिडक्टिबल होता.

प्लॅनच्या पायऱ्या ओळखा

एकाच कंपनीच्या एकाच पॉलिसीचे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा तशाच नावांचे दर्जे असतात. नावांना काही अर्थ नाही. एका कंपनीच्या गोल्डमध्ये जे असतं ते दुसरीच्या सिल्व्हरमध्ये असू शकतं. प्रत्येक दर्जासाठी वहीत या गोष्टी उतरवा: विमा रक्कम, डिडक्टिबल किती आणि वार्षिक की दर क्लेमला, तो पूर्ण कुटुंबाला मिळून की माणशी, को-पे, खोलीची मर्यादा, ग्लोव्ह्ज-मास्कसारख्या, कंपनी एरवी ज्यांचे पैसे देत नाही अशा वस्तूंचं कव्हर आहे का, आणि हप्ता.

हे सगळं शोधायला चाळीस पानी पॉलिसी वाचायची गरज नाही. प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याचा नवा नमुना १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यात आर्थिक मर्यादांचा वेगळा रकाना असतो आणि डिडक्टिबल, को-पे, उपमर्यादा (ठरावीक खर्चावरच्या वेगळ्या मर्यादा) तिथे एकत्र दिसतात. हे पत्रक मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आवर्जून मागा. घरातल्या ज्या माणसाला हॉस्पिटलात धावपळ करायची आहे, त्याला ते वाचता आलं पाहिजे.

हप्त्याचे आकडे जुळवताना तारीख पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (पूर्ण कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याआधी तो १८ टक्के होता. कुणाचं जुनं कोटेशन आणि तुमचं नवं कोटेशन शेजारी ठेवलं तर फसाल.

एका कागदावर तीन बिलं

आता खरं काम. प्लॅनची तुलना प्लॅनशी न करता तीन बिलांवर करायची: एक लहान, एक मधलं, एक मोठं. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या कोटेशनमधले घाला. चाळिशीतलं जोडपं, दोन मुलं, फॅमिली फ्लोटर. बिलं ४२,०००, १,८०,००० आणि ९,००,०००. सगळी रक्कम मंजूर होते असं तूर्त धरू.

पहिला पर्याय: १० लाखांचा प्लॅन, डिडक्टिबल नाही, को-पे नाही. हप्ता २६,०००. तिन्ही बिलांत खिशातून शून्य. वर्षाचा एकूण भार कुठल्याही प्रसंगी २६,०००.

दुसरा: हाच प्लॅन, ५०,००० वार्षिक डिडक्टिबलसह. हप्ता २०,५००. लहान बिल पूर्ण तुमचं, म्हणजे भार ६२,५००. मधलं आणि मोठं, दोन्हींत भार ७०,५००. आजारपण नसेल त्या वर्षी २०,५००.

तिसरा: खालचा दर्जा, १० लाख, डिडक्टिबल नाही पण २० टक्के को-पे. हप्ता १९,०००. लहान बिलात भार २७,४००, मधल्यात ५५,०००, मोठ्यात मात्र १,९९,०००.

चौथा: ५ लाखांचा साधा प्लॅन १८,५०० ला आणि त्यावर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे ५ लाखांच्या वरचा खर्च भरणारी जादा पॉलिसी, ४,००० ला. हप्ता २२,५००. तिन्ही बिलांत खिशातून शून्य.

हप्त्याच्या रकान्यात तिसरा सगळ्यात स्वस्त होता. मोठ्या बिलाच्या रकान्यात तो सगळ्यात महाग आहे. हे डोळ्यांनी दिसावं म्हणून कागदावर लिहायचं. तोंडी ऐकून दिसत नाही.

दुसऱ्या पर्यायासाठी अजून एक भागाकार करा. वर्षाला वाचतात ५,५००. डिडक्टिबल ५०,०००. भागिले तर साधारण नऊ. म्हणजे सलग नऊ वर्षं घरात कुणी ॲडमिट झालं नाही तर सवलतीतून डिडक्टिबल भरून निघतो. चौघांच्या घरात, त्यातही आईवडील बरोबर असतील तर, नऊ वर्षं मला फार वाटतात. हा भागाकार चार-पाचवर आला आणि पहिल्या ओळीतली रोकड पुरेशी असेल तर डिडक्टिबल जरूर घ्या. वाचलेला हप्ता खर्चात जिरू देऊ नका. पतसंस्थेत किंवा बँकेत वेगळं खातं काढून तिथेच टाका.

नंतर डिडक्टिबल काढून टाकता येईल, असा भरवसा धरू नका. डिडक्टिबल कमी करणं म्हणजे कंपनीची जोखीम वाढवणं. त्या वेळी मधुमेह किंवा रक्तदाब निघाला असेल तर कंपनी नव्याने तपासणी मागू शकते, नाकारूही शकते. काही पॉलिसींत ठरावीक वर्षांनी डिडक्टिबल माफ करून घेण्याची सोय लिहिलेली असते. असेल तर ते कलम अधोरेखित करून ठेवा.

सुपर टॉप-अपवर जरा थांबा

चौथा पर्याय कागदावर देखणा दिसतो आणि बहुतेक घरांना मी तोच सुचवतो. पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला नावातला. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एक नव्हेत. डिडक्टिबल ५ लाख आहे, वर्षात दोन ॲडमिशन झाली, ४ लाख आणि ३ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. कुठलंच ५ लाखांवर गेलं नाही, म्हणून शून्य देतो. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज ७ लाख धरतो आणि २ लाख देतो. हप्त्यात फरक थोडा असतो. सुपर टॉप-अपच घ्या.

दुसरा तारखांचा, आणि हा खड्डा एजंटही सांगत नाहीत. मूळ पॉलिसीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, सुपर टॉप-अपचं १ ऑक्टोबरला. ऑगस्टमध्ये ४ लाखांचं बिल, डिसेंबरमध्ये ३ लाखांचं. मूळ पॉलिसीच्या एका वर्षात ७ लाख झाले, तिने ५ दिले. पण सुपर टॉप-अपच्या हिशेबात ऑगस्ट एका वर्षात पडला आणि डिसेंबर दुसऱ्यात. एकाही वर्षात ५ लाख ओलांडले नाहीत. उरलेले २ लाख तुमचे. म्हणून दोन्ही पॉलिसींची सुरुवात एकाच तारखेला करून घ्या. आधीपासून मूळ पॉलिसी असेल तर तिच्या नूतनीकरणाच्या दिवशीच सुपर टॉप-अप सुरू करा.

तिसरा मोजणीचा. डिडक्टिबल बिलाच्या आकड्यावर न मोजता मंजूर होण्याजोग्या आकड्यावर मोजतात. बिल ५,६०,००० आलं. त्यात ३०,००० कंपनी ज्यांचे पैसे देत नाही अशा वस्तूंचे. खोली मर्यादेबाहेरची घेतल्यामुळे ५०,००० ची कपात. मूळ पॉलिसीने ४,८०,००० दिले. सुपर टॉप-अपलाही तशीच खोलीची मर्यादा असेल तर त्याच्या लेखी ५ लाख गाठलेच नाहीत आणि ८०,००० तुमच्या अंगावर. मर्यादा नसेल तर त्याच्या हिशेबात ५,३०,००० धरले जातात आणि ३०,००० मिळतात. म्हणून सुपर टॉप-अप निवडताना खोलीची मर्यादा नसलेलाच बघा, आणि त्याचा डिडक्टिबल मूळ पॉलिसीच्या रकमेपेक्षा वर ठेवू नका.

दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असल्या तर कागदपत्रं एकाच टेबलावर फिरतात. वेगळ्या असतील तर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती डिस्चार्जच्याच आठवड्यात मागून ठेवा.

कोल्हापूरचा पत्ता, पुण्या-मुंबईचं हॉस्पिटल

बऱ्याच पॉलिसींत हप्ता पत्त्यावरही ठरतो. मोठ्या शहरांचा झोन महाग, कोल्हापूरसारख्या शहराचा स्वस्त. ही स्वस्ताई चांगलीच आहे, पण काही पॉलिसींत स्वस्त झोनच्या माणसाने महागड्या झोनमध्ये उपचार घेतले तर ठरावीक टक्के को-पे लागतो. डिडक्टिबलच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही. आपल्याकडची रीत पाहा: अवघड काही निघालं की मिरज, त्याहून अवघड निघालं की पुणे किंवा मुंबई. म्हणजे जो क्लेम सगळ्यात मोठा, त्यालाच हा को-पे लागायची शक्यता. झोनची अट आहे का आणि असल्यास थोडा जास्त हप्ता भरून ती काढता येते का, हे विचारा.

नेटवर्क हॉस्पिटलांची, म्हणजे जिथे कॅशलेस चालतं त्यांची, यादी बघताना आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि मिरज-पुण्याकडची वाट तुटली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. यादीत पंचगंगेच्या शहराकडच्या बाजूला निदान दोन चांगली हॉस्पिटलं असावीत.

नोकरीची पॉलिसी, सरकारी योजना, आईवडील

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कंपनीकडून ३ लाखांची ग्रुप पॉलिसी असेल तर त्यावर ३ लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप स्वस्तात मिळतो. सुपर टॉप-अपला खाली पॉलिसी असलीच पाहिजे असं नाही. डिडक्टिबल खिशातूनही भरता येतो. पण नोकरी सुटली की खालचे ३ लाख एका दिवसात जातात. म्हणून लहान का होईना, स्वतःची मूळ पॉलिसी आत्ताच सुरू ठेवा. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, तो आता संपू दे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि २०२४ पासून सर्व रेशनकार्डधारक तिच्यात आले आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलासह योजनेतल्या हॉस्पिटलांत, ठरलेल्या उपचारांसाठी ती चालते. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं वेगळं कार्ड निघतं, ते काढून ठेवाच. पण "योजनेने ५ लाख दिले की माझा डिडक्टिबल भरला" असं गृहीत धरू नका. विमा कंपनी ते धरते का, हे लेखी घ्या.

आईवडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका ॲडमिशनने तुमचं कव्हर संपू शकतं. त्यांची पॉलिसी वेगळी असावी. ज्येष्ठांच्या पॉलिसीत को-पे हटत नसेल, तर निदान को-पे आधी की डिडक्टिबल आधी, हे विचारा. ३ लाखांच्या बिलावर ५०,००० डिडक्टिबल आणि २० टक्के को-पे असेल, तर आधी डिडक्टिबल वजा केल्यास तुमचा वाटा १,००,००० येतो. आधी को-पे वजा केल्यास १,१०,०००.

सही करण्याआधी आणि नंतर

एजंटाला हे ईमेलवर विचारा, फोनवर नको: डिडक्टिबल वार्षिक आहे ना? पूर्ण कुटुंबाला मिळून ना? ॲडमिशनआधीच्या आणि नंतरच्या बिलांची रक्कम डिडक्टिबलमध्ये धरली जाते का? झोनचा को-पे आहे का? उत्तर "हो दादा, काळजी नको" असं आलं तर कलमाचा क्रमांक मागा. चांगला एजंट तो तासाभरात देतो. असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. गोळी चालू असेल तर लिहा. लपवलेला रक्तदाब हा सगळ्यात महागडा डिडक्टिबल ठरतो, कारण त्यात पूर्ण क्लेमच जाऊ शकतो.

पॉलिसी हातात आली की ३० दिवस तुमचे असतात. वहीतला आकडा आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आकडा जुळला नाही, तर या मुदतीत पॉलिसी परत करता येते. तपासणी-स्टँप ड्यूटीसारखी किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात.

ॲडमिशनच्या वेळी कॅशलेसचा अर्ज आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. डिडक्टिबलची रक्कम हॉस्पिटल बहुधा आधीच डिपॉझिट म्हणून घेतं. तिची स्वतंत्र पावती घ्या आणि अंतिम बिलात ती वळती झाली का, ते बघा. कपात चुकीची वाटली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहे. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही.

मामांची पॉलिसी आम्ही नूतनीकरणाच्या आधी दीड महिना पोर्ट करायला, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे हलवायला, टाकली. आता त्यांच्याकडे ५ लाखांची बिनडिडक्टिबलची पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप आहे, दोन्हींची तारीख एक. वर्कशॉपच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मामींच्या अक्षरात पॉलिसी क्रमांक, कंपनीचा टोल फ्री नंबर, खोलीची मर्यादा आणि खाली मोठ्या आकड्यात लिहिलंय: आपण भरायचे – ०.